विश्लेषण : महाविद्यालयांचे सामंजस्य करार फायलीतून वर्गात का येत नाहीत?

'नॅक'ची समिती येणार असली की महाविद्यालयाच्या कार्यालयात एका फायलीचा भाव अचानक वधारतो. तिच्यावर 'सामंजस्य करार' असे लिहिलेले असते. शेजारच्या तालुक्यातील महाविद्यालय, जवळची कंपनी, एखादी स्वयंसेवी संस्था, सगळ्यांशी केलेले करार तिच्यात लावलेले असतात. सह्या असतात, शिक्के असतात, पुष्पगुच्छ देतानाचे छायाचित्रही असते. त्या करारामुळे किती विद्यार्थ्यांनी दुसऱ्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवले, हे मात्र फाईल सांगत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लहान महाविद्यालयांना एकत्र येण्यास सांगत आहे. ते का जमत नाही आणि जिथे जमले तिथे नेमके काय केले गेले?

एकत्र येण्याची वेळ का आली?

केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात ४५ हजारांहून अधिक महाविद्यालये आहेत. राज्यनिहाय यादीत उत्तर प्रदेशानंतर महाराष्ट्राचा क्रमांक लागतो. संख्या मोठी असली, तरी यातील अनेक महाविद्यालये अगदी छोटी आहेत. २०२० च्या धोरणाच्या मसुद्यातच सर्वेक्षणाचा हवाला देऊन म्हटले आहे की, २० टक्क्यांहून अधिक महाविद्यालयांत शंभरापेक्षा कमी विद्यार्थी आहेत आणि तीन हजारांहून अधिक विद्यार्थी असलेली महाविद्यालये फक्त चार टक्के आहेत. एकच अभ्यासक्रम चालवणाऱ्या महाविद्यालयांचे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक आहे.

धोरणाने दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, १८५७ पासून चालत आलेली संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची. म्हणजे परीक्षा विद्यापीठाने घ्यायची, पदवी विद्यापीठाने द्यायची आणि महाविद्यालयाने फक्त शिकवायचे, ही व्यवस्था राहणार नाही. दुसरी, संस्था बहुशाखीय करायच्या. या दोन्हींचा अर्थ लहान गावातील महाविद्यालयासाठी सरळ आहे. एकतर स्वतःच्या बळावर स्वायत्त व्हा, नाहीतर कोणाबरोबर तरी जोडून घ्या. तिसरा मार्ग बंद पडण्याचा आहे.

बंद पडण्याचा फटका संस्थाचालकांपेक्षा मुलींना अधिक बसेल. एसटीत महिलांना अर्धे तिकीट असले, तरी जिल्ह्याच्या गावी रोज जाऊन-येऊन शिकायला घरातून होकार मिळणे हा वेगळा विषय आहे. तालुक्याला महाविद्यालय आहे म्हणून पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुली राज्याच्या प्रत्येक भागात सापडतात. त्यामुळे 'छोटी महाविद्यालये बंद करा, मोठी उभारा' हा सल्ला कागदावर जितका नेटका दिसतो, तितका तो निरुपद्रवी नाही.

नव्या अभ्यासक्रमाने अडचण कशी वाढवली?

महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि विद्यापीठ विभागांत, तर २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही धोरणानुसार पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात मुख्य विषयाबरोबर खुला वैकल्पिक विषय असतो आणि तो स्वतःच्या विद्याशाखेबाहेरून घ्यावा लागतो. कल्पना उत्तम आहे. वाणिज्य शिकणाऱ्या मुलीने खगोलशास्त्र किंवा मानसशास्त्राची तोंडओळख करून घ्यावी, याला कोण हरकत घेईल?

पण ज्या महाविद्यालयात वाणिज्य ही एकच शाखा आहे, तिथे खगोलशास्त्र शिकवणार कोण? मग जो शिक्षक हाताशी आहे, त्याला शक्य तो विषय 'खुला' म्हणून दिला जातो. विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर विषयाचे नाव भारदस्त असते आणि निवड मात्र कधी झालेलीच नसते. याच गावात दुसऱ्या संस्थेचे विज्ञान महाविद्यालय असते. दोन्हींच्या फाटकांत चालत दहा मिनिटांचे अंतर असते आणि दोन्हींच्या फायलींत एकमेकांशी केलेला सामंजस्य करारही असू शकतो.

'नॅक' सहकार्य कसे मोजते?

राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद, म्हणजे नॅक, १९९४ मध्ये बेंगळूरुत स्थापन झाली. महाविद्यालयांचे मूल्यांकन ती सात निकषांवर करते. तिसऱ्या निकषात संशोधन आणि विस्तारकार्याबरोबर 'सहकार्य' हा स्वतंत्र घटक आहे. त्यात गेल्या पाच वर्षांत किती कार्यरत सामंजस्य करार झाले, याची संख्या विचारली जाते.

'कार्यरत' हा शब्द तिथे आहे, हे खरे. पण पुरावा म्हणून अहवाल, छायाचित्रे आणि उपस्थितीपत्रके चालतात. एका करारावर वर्षातून एक व्याख्यान झाले, तरी तो कार्यरत ठरू शकतो. २०१७ च्या सुधारणेनंतर गुणांकनाचा सुमारे ७० टक्के भाग ऑनलाइन भरलेल्या आकडेवारीवर बेतला गेला. व्यक्तींच्या मर्जीला लगाम बसावा, हा त्यामागचा हेतू रास्त होता. पण आकडे मागितले की आकडे तयार होतात. ज्या गोष्टीला गुण आहेत ती वाढते, म्हणून करार वाढले.

मर्जीचा प्रश्नही सुटला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील एका अभिमत विद्यापीठाला वरची श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने नॅकच्या पाहणी समितीच्या अध्यक्षांसह सदस्यांना अटक केली. त्याआधीच, जानेवारी २०२४ मध्ये, नॅकने श्रेणींऐवजी 'अधिस्वीकृत' किंवा 'अधिस्वीकृत नाही' अशी दुहेरी पद्धत आणि पुढे पाच स्तरांची रचना जाहीर केली होती. अक्षरांची शर्यत थांबवण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. मात्र सहकार्याच्या नावाने मोजायचे काय, हा प्रश्न नव्या पद्धतीतही तसाच उभा राहतो.

मोठ्याने लहान्याला हात द्यायचा, ही योजना कुठवर पोहोचते?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये 'परामर्श' योजना आणली. चांगली श्रेणी असलेल्या संस्थेने आसपासच्या महाविद्यालयांना अधिस्वीकृतीसाठी तयार करायचे आणि त्यासाठी मार्गदर्शक संस्थेला ३० लाख रुपयांपर्यंत साह्य मिळायचे, असा तिचा साचा होता. एक हजार महाविद्यालये हे उद्दिष्ट होते. महाराष्ट्राने याच धर्तीवर 'परिस स्पर्श' योजना जाहीर केली.

या योजनांचा उपयोग नाही, असे म्हणता येणार नाही. स्वयंमूल्यांकन अहवाल कसा लिहायचा, हेच ठाऊक नसलेल्या ग्रामीण महाविद्यालयाला तो लिहिलेल्या प्राध्यापकाचा चार दिवसांचा सहवास मोलाचा ठरतो. पण परिसाची उपमाच या योजनांची मर्यादा सांगून जाते. परीस लोखंडाला स्पर्श करतो आणि बाजूला होतो. लोखंडाकडे देण्यासारखे काही आहे, असे त्यात गृहीतच नसते. मूल्यांकन पार पडले की दोघांचा संबंध संपतो. दोन महाविद्यालयांची रोजची देवाणघेवाण याहून निराळी असते आणि ती अहवाललेखनाच्या कार्यशाळेतून उभी राहत नाही.

समूह विद्यापीठे कुठे यशस्वी होऊ शकतात?

एकत्र येण्याचा सर्वांत ठोस प्रयोग समूह विद्यापीठांचा आहे. 'रूसा' या केंद्रीय अभियानातून त्याला बळ मिळाले. मुंबईत २०१९ मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झाले. त्यात विज्ञान संस्था, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि माध्यमिक प्रशिक्षण महाविद्यालय या संस्था आल्या. विज्ञान, कला, वाणिज्य आणि शिक्षणशास्त्र अशा चारही वाटा त्यामुळे एका छत्राखाली आल्या आणि त्यासाठी नवी इमारत बांधावी लागली नाही. साताऱ्यात २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. यशवंतराव चव्हाण विज्ञान संस्था, छत्रपती शिवाजी महाविद्यालय आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय ही तिची घटक महाविद्यालये.

या दोन्ही उदाहरणांत एक समान गोष्ट आहे. मुंबईतील चारही संस्था सरकारी आहेत. साताऱ्यातील तिन्ही महाविद्यालये रयत शिक्षण संस्थेची आहेत. म्हणजे एकत्र येण्याआधीही त्यांचा मालक एकच होता. प्राचार्यांची बदली एका महाविद्यालयातून दुसऱ्यात होत होती, हिशेब एकाच दरबारी जात होता.

खरी परीक्षा दोन वेगवेगळ्या संस्थांची महाविद्यालये एका समूहात आणण्याची आहे. महाराष्ट्रात शिक्षण संस्था म्हणजे केवळ शाळा-महाविद्यालयांचा कारभार नसतो. तिच्यामागे तालुक्याचे राजकारण असते, साखर कारखाना असतो, दोन घराण्यांचे जुने हिशेब असतात. 'त्यांच्या' महाविद्यालयात 'आपली' मुले पाठवायची, हे वाक्य संचालक मंडळाच्या बैठकीत उच्चारायलाही धाडस लागते. धोरणाच्या कागदपत्रांत या वस्तुस्थितीला जागा नाही. पण ती दुर्लक्षून कोणताही समूह उभा राहणार नाही.

कार्यभाराचे गणित काय आहे?

राजकारण बाजूला ठेवले, तरी एक अडचण उरते आणि ती अधिक चिवट आहे. ती आहे कार्यभाराची.

अनुदानित महाविद्यालयात शिक्षकांची पदे कार्यभारावर मंजूर होतात. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाने १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. तेवढे तास भरले नाहीत, तर पदावर गदा येते आणि शिक्षक 'अतिरिक्त' ठरण्याची टांगती तलवार राहते.

आता समजा, एका गावात दोन महाविद्यालये आहेत आणि दोन्हींकडे भूगोल आहे. एकाकडे पंधरा विद्यार्थी, दुसऱ्याकडे वीस. दोघांनी मिळून एकच वर्ग घेतला, तर मुलांना चांगली चर्चा मिळेल, क्षेत्रभेट एकत्र होईल, नकाशांचा संच एकच लागेल. पण त्याच क्षणी एका शिक्षकाचे तास निम्मे होतात. ज्याने सहकार्य केले त्याचेच पद धोक्यात येते. वाटून घेण्याची शिक्षा अशी थेट मिळत असेल, तर शहाणा विभागप्रमुख करारावर सही करील आणि वर्ग मात्र आपल्याच खोलीत घेईल. त्याला दोष देता येणार नाही.

पैशाचेही तसेच. विद्यार्थ्याने शुल्क ज्या महाविद्यालयात भरले, तिथेच ते राहते. शेजारच्या महाविद्यालयाने त्याला खुला विषय शिकवला, प्रयोगशाळेतील रसायने खर्च केली, उत्तरपत्रिका तपासल्या, तर त्या खर्चाचा वाटा त्यांना कोणत्या शीर्षाखाली द्यायचा? लेखापरीक्षक हा प्रश्न नक्की विचारतो. त्याचे उत्तर नसल्यामुळे अनेक चांगले बेत प्राचार्यांच्या टेबलावरच थांबतात. त्यातच पदे रिक्त असल्याने अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर आहे. ज्यांना आपल्याच महाविद्यालयात पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही, याची खात्री नाही, त्यांच्याकडून दोन महाविद्यालयांमधला पूल बांधण्याची अपेक्षा करणे जरा अतिच होते.

'आयुका'ला हे कसे जमले?

सहकार्य मुळातच अशक्य आहे, असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. त्याचा उत्तम नमुना पुणे विद्यापीठाच्या आवारातच उभा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती झाली आणि आंतरविद्यापीठ केंद्रे काढण्याची वाट खुली झाली. विचार साधा होता. महागडी साधने प्रत्येक विद्यापीठाला घेऊन देता येत नाहीत, तर ती एका ठिकाणी उभारा आणि सर्वांना वापरू द्या. पहिले केंद्र दिल्लीत कणत्वरकाभोवती उभे राहिले. १९८८ मध्ये पुण्यात खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीसाठी 'आयुका' स्थापन झाले. डॉ. जयंत नारळीकर त्याचे संस्थापक संचालक होते. गेल्या वर्षी, मे २०२५ मध्ये, त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या संशोधनाविषयी आणि विज्ञानकथांविषयी भरभरून लिहिले गेले. संस्थांनी एकमेकांशी कसे वागावे याचा जो एक नमुना त्यांनी घालून दिला, त्याविषयी तुलनेने कमी बोलले गेले.

आयुकाने विद्यापीठांतील आणि महाविद्यालयांतील शिक्षकांसाठी अभ्यागत सहयोगी ही योजना चालवली. निवड झालेला शिक्षक आपल्या महाविद्यालयातच नोकरी करतो, पण ठरावीक मुदतीत सुट्टीत किंवा रजेत आयुकात येऊन राहू शकतो. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च केंद्र करते. ग्रंथालय, संगणक, तज्ज्ञांशी चर्चा, सगळे त्याला खुले असते. एखाद्या जिल्ह्याच्या गावी भौतिकशास्त्र शिकवणारा शिक्षक अशा रीतीने संशोधनाच्या मुख्य प्रवाहात राहतो आणि परत जाऊन आपल्या वर्गात ते घेऊन जातो.

जुन्नरजवळ गिरवली येथे आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. दक्षिण आफ्रिकेतील 'सॉल्ट' या महाकाय दुर्बिणीतही आयुकाची भागीदारी आहे. अशी दुर्बीण कोणत्याही एका महाविद्यालयाने स्वप्नातही घेतली नसती.

इथे सहकार्याचे चार पाय दिसतात: वाटून घेण्याजोगी खरी वस्तू, त्यासाठी वेगळा निधी, येणाऱ्याचा खर्च कोण करणार याचे आधीच ठरलेले उत्तर आणि ज्याने सहकार्य करायचे त्याला त्यातून मिळणारा वैयक्तिक लाभ. शिक्षकाची नोकरी धोक्यात येत नाही, उलट त्याचे काम वाढते आणि उजळते. तालुक्यातील करारांत नेमक्या याच गोष्टी नसतात. अर्थात खगोलशास्त्रासारखा विषय आणि नारळीकरांसारखा माणूस प्रत्येक ठिकाणी मिळणार नाही, हे मान्य. पण प्रवासभत्त्याचा नियम बनवायला खगोलशास्त्रज्ञ लागत नाही.

पुस्तके आणि उपकरणे वाटून घेता येतात का?

येतात, आणि बऱ्याच अंशी येऊही लागली आहेत. गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट'ची 'एन-लिस्ट' सेवा पात्र महाविद्यालयांना सहा हजार रुपयांच्या आतल्या वार्षिक शुल्कात हजारो नियतकालिके आणि ई-पुस्तके देते. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजना तर तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची आहे आणि तीत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके आहेत. मात्र ती केंद्र आणि राज्य सरकारे चालवत असलेल्या संस्थांसाठी आहे, आणि महाराष्ट्रातील बहुतांश महाविद्यालये खासगी शिक्षण संस्थांची आहेत.

उपकरणांसाठी २०२० मध्ये 'आय-स्टेम' हे राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू झाले. कोणत्या संस्थेत कोणते यंत्र आहे हे पाहून त्यावर वेळ मागता येतो. मुंबई आयआयटीतील अत्याधुनिक उपकरण केंद्रात बाहेरच्या संशोधकांचे नमुने शुल्क घेऊन तपासले जातात. या सेवा चालतात, कारण दर ठरलेला असतो, रांग ठरलेली असते आणि कोणाच्या मेहरबानीचा प्रश्न नसतो.

मग तालुक्याच्या पातळीवर काय करता येईल?

अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स राज्यात चार खासगी महाविद्यालये आणि एक सरकारी विद्यापीठ १९६५ पासून संघ करून आहेत. प्रत्येकाचे व्यवस्थापन वेगळे, शुल्क वेगळे, तोराही वेगळा. तरी तिथला विद्यार्थी जास्तीचे शिक्षणशुल्क न भरता इतर चार ठिकाणी विषय घेऊ शकतो. ग्रंथालयांची सूची एक आहे. काही शिक्षकांच्या नेमणुका संयुक्त आहेत. आणि या सगळ्यांना जोडते ती विद्यार्थ्यांसाठी मोफत असलेली बस. सहकार्याच्या चर्चेत बसचे वेळापत्रक क्षुल्लक वाटते. पण तासिका अकराला संपत असेल आणि दुसऱ्या आवारातील तासिका अकरालाच सुरू होत असेल, तर करार कितीही चांगला असला तरी मूल तिथे पोहोचत नाही.

महाराष्ट्रात यासाठी नवा कायदा लागत नाही. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात महाविद्यालयांच्या समूहाची तरतूद आहेच. लागतात ते दोन शासन निर्णय. एक, समूहात घेतलेला सामाईक वर्ग दोन्ही महाविद्यालयांच्या कार्यभारात धरला जावा, निदान पाच वर्षांसाठी, म्हणजे कोणी अतिरिक्त ठरणार नाही. दुसरा, दुसऱ्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला शिकवल्याबद्दल प्रति श्रेयांक ठरावीक रक्कम त्या महाविद्यालयाला मिळावी. वित्त विभाग पहिल्यावर हरकत घेईल, कारण त्यात पदे वाचतात आणि पगार द्यावा लागतो. पण रिक्त पदांमुळे आज जी बचत होते आहे, तिची किंमत मुले मोजत आहेत, हेही त्या फाईलवर लिहायला हवे.

मोजमापाचा प्रश्न तर जवळजवळ सुटलेला आहे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत विद्यार्थ्याचे श्रेयांक, ते देणाऱ्या संस्थेच्या नावासह जमा होतात. निम्म्यापर्यंत श्रेयांक दुसऱ्या संस्थेतून मिळवण्याची मुभाही नियमांत आहे. तेव्हा एखाद्या महाविद्यालयाचे सहकार्य किती, हे शोधण्यासाठी छायाचित्रांची फाईल मागवायची गरज नाही. त्या महाविद्यालयाच्या किती विद्यार्थ्यांच्या खात्यावर शेजारच्या महाविद्यालयाचे श्रेयांक जमा झाले, एवढा एक आकडा नॅकला बँकेतून परस्पर काढता येईल. बहुतेक ठिकाणी तो आज शून्याच्या आसपास निघण्याची शक्यता आहे.